लोटनभाऊचा शब्द

जळगाव,
कार्तिक वद्य ६, शके १८५९

तीर्थस्वरूप लोटनभाऊस,

धाकट्या सुंदरचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तू कुठे कळवतोस? श्रावणापासून तुझी एक ओळ नाही. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करून दिवेलागणीपर्यंत दारात उभी. शेवटी मंजुळा म्हणाली, आई, आता चंद्राला ओवाळ. ओवाळलं. पत्रात तुला "तुम्ही" म्हणणार होते, पण तुम्ही म्हटलं की मला नीट भांडता येत नाही. तेव्हा तूच बरा.

आईचे गुडघे कसे आहेत? थंडी पडली की तिला एरंडाची पानं गरम करून बांधत जा म्हणावं. भिकुवहिनीने चोरून पाठवलेली लोणच्याची बरणी पोचली. अगं बाई, चोरून होती, आणि मी तुलाच लिहून बसले! तिला रागावू नकोस. लोणचं फार छान मुरलंय.

आता मुद्द्याचं. मंजुळाला स्थळ आलंय. धरणगावचे धनसिंग नाना, तुझ्या ओळखीतले. त्यांचा धाकटा सुकदेव. शिवणकाम शिकलाय, शेतीत मन नाही, जळगावात दुकान घालायचं म्हणतो. मुलगा साधा आहे. खाली मान घालून जेवला आणि उठताना आपलं ताट आपण उचलायला लागला, तर नाना त्याच्यावर डाफरले. मंजुळा आतून बघत होती. तिला विचारलं, काय गं? तर म्हणे, मला काय विचारतेस, आणि मग स्वतःशीच हसत बसली. पोरीला सोळावं सरत आलं. गेल्या वर्षभरात दारात आलेलं हे पहिलं स्थळ. का ते तुला माहीत आहे.

नानांना मुलगी आवडली. तिने वांगी भाजून भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. नानांनी मागून मागून घेतलं आणि म्हणाले, "पोर गुणनी शे." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण पुढे म्हणाले, "मी लोटनभाऊले इचारसू, मंग सांगसू." आजोळची चौकशी केल्याशिवाय त्यांच्या घरात सून आणत नाहीत. बाप काय, आपल्या मालाची तारीफ करणारच, खरं सांगेल तर मामा, असं त्यांचं म्हणणं. येत्या बाजाराला बैल बघायला ते पारोळ्याला येणार आहेत. तुझ्या ओट्यावर येतील. तू मंजुळाबद्दल एक चांगला शब्द टाक. लहानपणी सुट्टीत ती तुझ्याकडेच असायची, तुझ्या खांद्यावर बसून बोरी नदीच्या पात्रात फिरायची. तिचा स्वभाव मी तुला काय सांगू?

एवढंच लिहून पत्र संपवायचं असं सकाळी ठरवलं होतं. तर ते काही होईना.

भाऊ, तू रागावलास ते मला मान्य आहे. पण तुझ्या मेहुण्यांबद्दल एकदा माझं ऐकून घे. कापसाचं जीन बंद पडलं तेव्हा हे घरी बसले. बसले म्हणजे नुसते भिंतीकडे तोंड करून बसले. ज्या माणसाच्या गप्पा ऐकायला आळीतली माणसं जमायची, तो माणूस माझ्याकडे मीठ मागायलाही बोलेना. मग जीनवाल्या शेठजींनी रेल्वेच्या लाईनीपलीकडचं कपाशीचं शेत मोडून प्लॉट पाडले आणि यांना बोलावून सांगितलं, गिरधर, पाट्या लावून जमीन खपत नाही. माणूस जमीन घेतो ती आपल्या माणसाच्या शब्दावर. तुझे सोयरे किती, मित्र किती, जीनमधले ओळखीचे किती, त्यांच्याकडे जा. स्वतः घेणार नाहीत ते दुसऱ्याला धाडतील. एक ग्राहक झाला की त्याला विचार, तुझ्या ओळखीत आणखी कोण?

झालं. तेव्हापासून यांना माणूस दिसत नाही, ग्राहक दिसतो. बारशाला गेले, पाळण्यात वाकून म्हणाले, बाळ मोठं झाल्यावर राहणार कुठे? लग्नाला गेले तर पंगतीत वाढायला उभे राहतात, म्हणजे सगळ्यांशी बोलता येतं. माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांना सोडलं नाही. आता संक्रांतीला कोणी मला हळदीकुंकवाला बोलावेल की नाही याचीच धास्ती. चुलत सासूबाई तोंडावर म्हणाल्या, सुंदर, तू ये बाई, पण एकटी ये. मी हसले. दुसरं काय करणार?

आणि मग बाबांचा दहावा.

त्यावर आपण कधी बोललोच नाही. नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. तू हात जोडून एकेक सांगत होतास. आईला सांभाळीन. विहीर विकणार नाही. सुंदरला माहेर तुटू देणार नाही. (हेही म्हणालास बरं का तू, मी ऐकलंय.) कावळे बाभळीवर बसलेले, एक खाली येईना. ऊन चढलं, आई रडायला लागली, लोक कुजबुजायला लागले की बाबांचं कशात तरी अडकलंय. तेवढ्यात हे पुढे झाले, टोपी काढली आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, लोटनभाऊ जळगावला प्लॉट घेतील!" आणि तो मेला कावळा आला की रे खाली! सगळ्या गावासमोर भात घेऊन गेला.

मी जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होते. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. त्यानंतर तू काय करणार होतास? बापाची इच्छा म्हटल्यावर नाही म्हणायची सोय उरली नाही. वैशाखात तू मुकाट्याने कोपऱ्याचा प्लॉट घेतलास. हे मला अजून शपथेवर सांगतात की बाबांची खरंच इच्छा होती. आजारपणात हे त्यांचे पाय चेपत बसायचे आणि प्लॉटचं पुराण लावायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, "हाव रे भो, दखू." ते "बघू" तर बाबा फेरीवाल्यालाही म्हणायचे. पण यांनी ते धरून ठेवलं. हे लबाड नाहीत रे. स्वतःचं बोलणं स्वतःलाच खरं वाटायला लागतं, तसला यांचा स्वभाव आहे.

श्रावणात तू प्लॉट बघायला आलास, गुडघाभर पाणी पाहिलंस, त्यात कुणाची तरी म्हैस बसलेली पाहिलीस, आणि माझ्या दारावरून, घोटभर पाणी न पिता, परत गेलास. मला दुसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितलं. मी दिवसभर चूल पेटवली नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. भाऊ, नाना तुला फक्त मंजुळाबद्दल विचारणार नाहीत.

पोरगी बघायला येणाऱ्या माणसाला स्टेशनवरून सरळ घरी आणायचं की नाही? मी चारदा बजावलं होतं. म्हणाले, हो हो, सरळच आणतो. आणि टांगा फिरवला लाईनीपलीकडून! मी इकडे भरीत झाकून बसले आहे, मंजुळा हिरवं लुगडं नेसून कोपऱ्यात बसली आहे, आणि हे तिकडे नानांना चुन्याच्या रेघा दाखवताहेत. तुझ्या शेजारचाच प्लॉट. आता कार्तिकात तिथे काय, जमीन कोरडी ठक्क, तव्यासारखी सपाट, वर छान ऊन. नानांना पसंत पडली. सुकदेवचं दुकान पुढे, राहायचं मागे, आणि सून माहेराजवळ. नाना काही खुळे नाहीत, त्यांनी विचारलं, "पावसायामा पानी भरस का तठे?" हे म्हणाले, छे छे, आमच्या मेहुण्यांनी स्वतः घेतलाय, त्यांनाच विचारा.

म्हणून ते तुझ्याकडे दोन्ही गोष्टी एकदम विचारायला येताहेत. मुलगी कशी आणि जमीन कशी. दोन्हींवर तुझा शब्द.

मी यांना म्हटलं, अहो, व्याह्याला विकायची का ही जमीन? आपली पोर राहील तिथे! तर म्हणाले, शेठजी पुढच्या साली मोठी गटार काढणार आहेत, रस्ता येणार आहे, तू बायकांनी बोलायचं तेवढं बोल. जरा वेळाने माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, सुंदर, हा एक जाऊ दे. यानंतर ओळखीतलं कोणी उरलेलंच नाही. हे ऐकून मला त्यांचा राग येईना, उलट कीव आली.

आता मी तुला काय सांगू, तूच सांग. तू खरं बोललास, की तिथे म्हशी बसतात, तर नाना म्हणतील, जो माणूस व्याह्याला फसवायला निघाला त्याच्या घरची मुलगी नको. ते स्थळ गेलं की दुसरं येणार नाही. स्थळं आणणारी माणसं तीच, ज्यांना हे प्लॉट विकून बसलेत किंवा ज्यांच्या मागे लागलेत. आणि तू चांगलं सांगितलंस, तर माझी पोर त्या पाण्यात नांदायला जाईल. पहिल्या पावसात सासरा तिच्याकडे बघेल तो कसा बघेल?

मी खूप विचार केला. खोटं बोल असं तुला कधी म्हटलं नाही, आता कसं म्हणू? खरं बोल म्हणायला तोंड उघडते तर मंजुळा समोर बसून हिरव्या लुगड्याच्या घड्या घालते आहे. तू मोठा आहेस. तुला सुचेल ते बोल. मला काही सुचत नाही.

हे आत्ता बाहेरून आले, विचारलं, कुणाला पत्र? म्हटलं, भाऊला. चेहरा एकदम खुलला. म्हणाले, मग भिकुवहिनींच्या माहेरी धुळ्याला कुणाला प्लॉट हवाय का, तेवढं विचार. विचारलं बघ.

तुझ्या उंबऱ्याकडे डोळे लावून बसलेली,
सुंदर


जळगाव,
मार्गशीर्ष वद्य २

भाऊ,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही. रागाने नाही, घाईने.

नाना काल येऊन गेले. साखरपुडा झाला म्हण. नारळ दिला, मंजुळाच्या हातावर साखर ठेवली, वैशाखातली तिथी धरायची ठरली. आणि त्याच बैठकीत तुझ्या शेजारचा प्लॉट घेतला. हे इतके आनंदले की नानांना मिठी मारायला गेले आणि पानाचं तबक सांडलं.

तू काय बोललास ते मला नानांच्या तोंडून कळलं. पोर सोन्यासारखी आहे, म्हणालास. आणि जमिनीचं विचारल्यावर म्हणालास, "नाना, मी सोता कोपरा लिधा." घेतलास हे खरंच. पाण्याचं विचारल्यावर म्हणालास, "पानी तं बठ्ठाच ठिकाने पडस." पाणी काय, सगळीकडेच पडतं, असं सांगून नाना मांडी थोपटून हसले. म्हणाले, वा, काय माणूस आहे, फुशारकी नाही, जास्तीचा शब्द नाही! भाऊ, ते बोलताना तू पायाच्या अंगठ्याकडे बघत होतास ना? लहानपणी मी फोडलेली घागर स्वतःवर घेतलीस तेव्हाही तू असाच अंगठ्याकडे बघत बाबांसमोर उभा होतास. नानांना काय माहीत?

तू माझ्यासाठी बोललास. तू, ज्याने कधी कुणाच्या बैलाचा दात खोटा सांगितला नाही. मला हे कळलं तेव्हा आनंद झाला. अगदी खरं लिहिते, पहिला आनंदच झाला. माझी पोर उजवली, असं वाटलं. नंतर रडू आलं.

आणि मग मी जे केलं ते तुला सांगितलंच पाहिजे. नाना निघाले तेव्हा हे टांगा आणायला गेले होते. सुकदेव बाहेर उभा होता. मी पदर सावरून दाराआडून बोलले. म्हटलं, नाना, एक ऐका. त्या जागेत पावसाळ्यात पाणी साठतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. वाटलं, आता नाना तबकातला नारळ उचलून चालू लागतील, मंजुळा आत उभी आहे, तिला काय वाटेल? पण बोलले. तुझ्यावर सगळं टाकून मी गप्प बसले, हे मला खात होतं.

नाना काय म्हणाले असतील? म्हणाले, "विहीणबाई, तुमी घाबरतस. लोटनभाऊनी सांगं ना!" म्हणे, पोर माहेराच्या इतकी जवळ नांदायला येणार, लोक नावं ठेवतील म्हणून तुम्ही आडकाठी घालता, समजतं आम्हाला. मी पुन्हा म्हटलं, अहो, खरंच. ते हसले. पोरीची आई, पोर जायची म्हटल्यावर काहीतरी बोलणारच, असं म्हणून टांग्यात बसले. मी जमिनीवर बसले, भाऊ. मी त्याच गावात राहते, रोज त्या रस्त्याने जाते, माझा शब्द चालला नाही. तू चौदा कोसांवरून बोललास, तो चालला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. आज सकाळी नानांचे दोन भाचे धरणगावहून आले. दारातून म्हणतात कसे, पारोळ्याच्या लोटनभाऊंनी जी जमीन चांगली सांगितली ती आम्हालाही दाखवा. यांनी टोपी ठेवून पगडीच बांधली. गेले त्यांना घेऊन. आता यांना सोयऱ्यांच्या दारी जायला नको, सोयरे दारात येताहेत. तुझं नाव घेऊन येताहेत. मी त्यांना चहा करून दिला. दुसरं काय करता आलं असतं? नानांनी नाही ऐकलं, भाचे ऐकणार होते?

यांना रात्री जेवताना म्हटलं, बास करा आता, निदान भाऊचं नाव तरी घेऊ नका. घास हातात धरून म्हणाले, मी कुठे घेतो, तेच घेतात. हेही खरंच.

मंजुळाला सगळं ठाऊक आहे. तिला सांगावं लागलं नाही. लहान असताना पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर ती त्याच शेतात बेडकांची पिल्लं बघायला जायची. मी रडत होते तर माझ्या जवळ येऊन बसली, मेहरूणची पहिली बोरं निवडत. म्हणाली, आई, रडून काय पाणी कमी होणार आहे का? जोतं उंच घालू. मी म्हटलं, जोतं उंच घालायला खाली भर लागते, मुरूम लागतो, ढीगभर. तर म्हणाली, मामाला सांग.

म्हणून सांगते. तू मामा आहेस, आहेर तुला करायचाच आहे. भांडी नकोत. पैठणी नको. भिकुवहिनी माझ्यासाठी जे लुगडं घेणार असेल तेही नको. तुझ्या दोन्ही गाड्या आणि चारी बैल घेऊन माघातच ये. मेहरूणकडच्या बरडावर मुरूम फुकट खणू देतात. लग्नापर्यंत जेवढा ओतवेल तेवढा त्या प्लॉटवर ओत. नानांनी विचारलं तर सांग, आमच्याकडे मामाचा आहेर असाच असतो. तुझं ते ऐकतील. तू काहीही सांगितलंस तरी ऐकतील.

लोक हसतील, पोरीला आहेरात माती दिली म्हणतील. हसू देत. भाच्यांच्या प्लॉटचं काय करायचं, तुझ्या कोपऱ्याचं काय करायचं, मला काही कळत नाही. तेवढे बैल कुणाकडेच नाहीत. माझ्या एका पोरीच्या चुलीपुरता मुरूम टाक, बाकीचं मी देवाच्या पायाशी बसून मागीन.

या वेळी मात्र दारावरून जाऊ नकोस. घरात ये, पाणी पी. मी भाऊबीजेचं ताट तसंच ठेवलं आहे.

मृगाच्या आत वाट पाहणारी,
तुझी सुंदर